चोरी कुठंही होवो, गाडी पालावरच का जाते? (सांगली-सातारा)

कृष्णाकाठ

मंडळी, धागा लांबणार आहे. दोन ओळींत उरकावा असा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सांगली जिल्ह्यात विधी सेवेची स्वयंसेविका आहे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे अर्ज लिहायचे, त्यांच्याबरोबर कोर्टात किंवा ठाण्यात जायचं, हे माझं काम. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागात एका रात्रीत बऱ्याच विहिरींवरच्या मोटारींच्या केबली कापून नेल्या. पहाट उजाडायच्या आत पोलिसांची गाडी ओढ्याकाठच्या पारधी पालावर हजर. चार पुरुष आणि एक सोळा वर्षांचा पोरगा उचलला. दोन रात्री सगळे ठाण्यात होते. अटक नाही, नोटीस नाही, डायरीत नोंद नाही. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "चौकशीला आणून बसवलंय." तिसऱ्या दिवशी सोडलं, तेही कागदाविनाच. केबल आजपर्यंत सापडलेली नाही.

चोरी झालेल्या शेतांपासून पालापर्यंत पोलीस कशाच्या आधारावर पोहोचले? कुणी पाहिलं होतं का? पावलांचे ठसे, टायरच्या खुणा, भंगारवाल्याकडून काही माहिती? मी विचारलं. तिथल्या साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं, "ताई, या भागात चोरी झाली की सुरुवात तिथूनच करावी लागते." त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. आणि त्यानंच मी जास्त हादरले.

पालावरची एक बाई मला आत घेऊन गेली. पत्र्याच्या पेटीतून तिनं प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत नुसत्या पावत्या. मोबाईलची, दोन शेळ्यांची बाजारातली, मुलाच्या सायकलची, चांदीच्या पैंजणांची. मोबाईलच्या पावतीवरची शाई उडून कागद पांढरा पडायला लागला होता, म्हणून तिनं त्याची झेरॉक्स काढून तिला लॅमिनेशन करून घेतलं होतं. ती म्हणाली, "पावती नसली की वस्तू चोरीची." तुमच्या-माझ्या घरात सायकलची पावती कुणी जपून ठेवलीय का? आपल्याला ती कधी कुणी मागितलीच नाही.

याला इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि १९११ च्या कायद्यानं तो देशभर लागू केला. अमुक जातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, सोलापुरासारख्या ठिकाणी तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये राहायचं. पारधी, रामोशी, कैकाडी, वडार, भामटा अशा कितीतरी जमाती त्यात भरडल्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला, म्हणून हे समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण पाठोपाठ १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला. कागदावर जात गेली, यादी राहिली, आणि यादीत नावं बरीचशी त्याच वस्त्यांतली.

माझं म्हणणं एकच आहे, आणि त्यावर तुमची मतं हवीत. पोलिसांनी कुणालाही थांबवलं, झडती घेतली, ठाण्यात आणलं, प्रतिबंधक कारवाई केली, तर याच माणसावर संशय का, हे त्याच वेळी लिहून ठेवायला हवं. आणि ते लिहिलेलं त्या ठाण्याबाहेरच्या कुणीतरी नेमानं वाचायला हवं. 'पारधी आहे' हे कारण कुणी कागदावर लिहू शकत नाही. लिहायची वेळ आली की खरं कारण शोधावं लागतं, आणि ते नसेल तर माणूस घरी जातो.

---

माणदेशी

ताई, तुमची तळमळ कळते, पण दुसरी बाजूही ऐका. मी शेतकरी, दहिवडीकडचा. आमच्याकडं पाणी आलंय ते आत्ता आत्ता. कर्ज काढून मोटार बसवायची आणि रात्रीत केबल जायची. नवी केबल येईस्तोवर पीक वाळतं. फिर्याद द्यायला गेलं तर अर्धा दिवस मोडतो. गावात गेल्या साली शेळ्या गेल्या, विजेच्या डीपीतलं तांबं गेलं. एकाचाही तपास नाही.

पोलिसांनी कुठंतरी चौकशी करायचीच नाही का? माझ्या रानातही पारधी कुटुंब राखणीला आहे, बारा महिने, आणि त्यांच्या जिवावर मी निवांत झोपतो. म्हणजे माझ्या मनात अढी नाही. पण सगळेच सरळ असतात असं मी म्हणणार नाही.

---

कृष्णाकाठ

दादा, चौकशी करायचीच, आणि कसून करायची. तुमच्या केबलीचा तपास लागला नाही यामागचं एक कारण हेच आहे, असं मला मनापासून वाटतं. तांबं शेवटी कुणीतरी विकत घेतो. तपास भंगाराच्या दुकानापासून मागं यायला हवा. त्याऐवजी पहिले दोन दिवस पालावर जातात, तोवर माल वितळून जातो. तुमचं नुकसान आणि त्या बाईचं नुकसान एकाच सवयीनं झालेलं आहे.

---

पवार_कुठले

मी हे नाव का घेतलं ते सांगतो.

आम्ही पारधी. आमच्यात पवार, काळे, भोसले, शिंदे, चव्हाण अशीच आडनावं असतात. सातारा-सांगलीत या आडनावांची माणसं घरोघरी. नाकाबंदीत नाव विचारतात, मी पवार सांगतो. हवालदार माझ्या तोंडाकडं बघतो, मग गाडीकडं, मग विचारतो, "कुठलं पवार?" गाव सांगितलं की, "तसं नव्हं, कुठलं पवार?" एवढा वेळ माझ्या मागं उभी असलेली गाडी हात दाखवून सोडून देतात. मी बाजूला. डिकी उघड, पिशवी उघड, गाडीची कागदं, मोबाईलची पावती.

मी पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे रस्त्यावर धावतो. एकदा गाडी थांबली, "कुठनं पळून चाललायस?" अंगावर ट्रॅकसूट, हातात स्टॉपवॉच. माझ्याबरोबर पळणारी गावातली दोन पोरं होती, त्यांना काही विचारलं नाही. त्यातल्या एकानं मध्ये पडून सांगितलं, "साहेब, हा आमच्या अकॅडमीतला." तेव्हा गाडी गेली. माझ्या शब्दावर गेली नाही, त्याच्या शब्दावर गेली.

आता भीती चारित्र्य पडताळणीची आहे. मला न सांगता, न कळवता कुठल्या यादीत माझं नाव गेलं असेल तर? माझ्या चुलत्याला दर निवडणुकीला आणि दर गणपतीला प्रतिबंधक नोटीस येते. एकाच पालावर राहतो आम्ही. लेखीसाठी मेहनत मी करतो, मैदानावरचे गुण मी मिळवीन. पण जे लिहिलेलंच नाही त्याच्याशी कसा लढू?

---

रोखठोक

भावना बाजूला ठेवा. काही समाजांत गुन्ह्यांचं प्रमाण जास्त सापडतं हे पोलिसांच्या अनुभवातून आलेलं आहे. अनुभव म्हणजे पूर्वग्रह नव्हे. चोर शोधायचा तर जिथं मिळण्याची शक्यता जास्त तिथंच आधी बघणार ना? यात अन्याय कसला?

---

एडिसनवासी

मूळचा मी कराडचा, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत. रोखठोक, तुमचा मुद्दा इथं कोर्टात अगदी याच शब्दांत मांडला गेला आणि आकड्यांवर टिकला नाही, म्हणून लिहितो.

न्यूयॉर्क शहरात पोलीस रस्त्यात कुणालाही थांबवून अंगझडती घ्यायचे. २०११ या एका वर्षात ६,८५,००० हून जास्त वेळा लोकांना थांबवलं. बहुतेक सगळे काळे आणि लॅटिनो. त्यातल्या जवळजवळ ८८ टक्के लोकांवर ना अटक झाली ना समन्स निघालं. काही सापडलंच नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये फेडरल न्यायाधीश शिरा शाइन्डलिन यांनी ही पद्धत ज्या रीतीनं राबवली जाते ती घटनाबाह्य ठरवली. थांबवण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. गुन्हे उसळतील अशी भाकितं झाली होती. २०१७ साली शहरातल्या खुनांचा आकडा ३०० च्या खाली गेला होता.

एकाच वस्तीत शोधत राहिलं की जे काही सापडेल ते त्याच वस्तीत सापडणार, आणि पुढच्या वर्षी तेच 'अनुभव' म्हणून कागदावर येणार. जिथं कधी बघितलंच नाही तिथला आकडा शून्यच दिसणार.

आमच्या न्यू जर्सीचंही सांगतो. १९९८ मध्ये टर्नपाइक या महामार्गावर राज्य पोलिसांनी चार तरुणांच्या व्हॅनवर गोळ्या झाडल्या, तिघे जखमी झाले. काळ्या चालकांना वेचून थांबवतात हा आरोप आधीपासून होता, त्यानंतर तो दडपता येईना. १९९९ च्या अखेरीस राज्यानं केंद्र सरकारच्या न्याय खात्याबरोबर कोर्टाच्या देखरेखीखालचा करार केला. प्रत्येक वेळी गाडी थांबवली की कारण, चालकाचा वंश, झडती घेतली का, काय सापडलं, हे नोंदवायचं. गाडीत कॅमेरा. वरिष्ठांनी नोंदी तपासायच्या आणि बाहेरच्या निरीक्षकांनी त्या वाचायच्या. २००९ पर्यंत ही देखरेख चालली. कृष्णाकाठ म्हणतात तोच मार्ग. कॅलिफोर्नियानं २०१५ साली तर कायदाच केला की प्रत्येक थांबवण्याची माहिती गोळा करून जाहीर करायची.

आणखी एक. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात मुलाकडे राहायला आलेले ५७ वर्षांचे गुजराती गृहस्थ सकाळी फूटपाथवर फिरत होते. शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला की एक किडकिडीत काळा माणूस घरांकडे बघत फिरतोय. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसानं त्यांना जमिनीवर आपटलं, मानेला इजा होऊन अंग लुळं पडलं. इथले आम्ही सगळे भारतीय त्या बातमीनं हबकून गेलो होतो. माझे वडील तेव्हा इथंच होते आणि रोज सकाळी फिरायला जायचे. त्या घटनेची सुरुवात पोलिसापासून नाही झाली, खिडकीतून केलेल्या फोनपासून झाली. आपल्या गावांतही पहिला फोन कोण करतं, हे बघायला हवं.

---

खाकीतला_सातारकर

नमस्कार. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, सातारा जिल्ह्यात नोकरी झाली. पोलिसांना शिव्या द्यायला मी आलेलो नाही आणि पाठीशी घालायलाही नाही. आत काय चालतं ते सांगतो, कारण बाहेरून उपाय सुचवणाऱ्याला ते माहीत हवं.

महिन्याला गुन्हे आढावा बैठक असते. विचारतात, घरफोड्या किती, उघड किती. घरफोडी किंवा केबल चोरी उघड होणं फार अवघड. साक्षीदार नाही, कॅमेरा नाही, ठसे पावसानं गेलेले. अधिकारी खाली विचारतो, खालचा बीटवाल्याला विचारतो. बीटवाल्याकडं वीस-पंचवीस गावं, बंदोबस्त, समन्स, सगळं. त्याला हातात काहीतरी दाखवायला लागतं. मग माणसं 'आणून बसवतात'. पालावरचा माणूस आणला तर आमदाराचा फोन येत नाही, वकील येत नाही, पेपरात बातमी येत नाही. गावातलं पोरगं आणलं की तासाभरात दहा माणसं ठाण्यात. हा फरक आहे. जात मनात असते हेही खरं, पण सोय त्याहून मोठी असते.

दुसरी गोष्ट याद्यांची. हिस्ट्रीशीट, म्हणजे एखाद्यावर नजर ठेवायची पोलिसांची नोंद, आणि माहीतगार गुन्हेगारांची यादी, या नव्या अधिकाऱ्याला चार्जमध्ये मिळतात. त्यात नाव घालायला एक सही लागते. नाव काढायला सही करायला कुणी तयार होत नाही. माणूस पंधरा वर्षं सरळ वागतोय, पोरं शाळेत आहेत, सगळं मान्य. पण उद्या त्यानं काही केलं तर नाव काढणारा अडकणार. नाव ठेवणारा कधीच अडकत नाही. म्हणून मेलेल्या माणसांची नावं यादीत राहतात आणि मग त्यांच्या मुलांची येतात. निवडणूक, गणेशोत्सव आला की प्रतिबंधक कारवायांचा आकडा वर पाठवायचा असतो, तेव्हा यादी उघडतात आणि वरून खाली नोटिसा काढतात.

कारण लिहायची सक्ती चांगली आहे. पण वाचणारा नसेल तर पोलीस एकच वाक्य सगळीकडं लिहितील, 'संशयास्पद हालचाली आढळल्याने'. मी हजार वेळा वाचलंय ते वाक्य. ताईंच्या म्हणण्यातला दुसरा भाग, बाहेरच्यानं वाचायचा, तो जास्त महत्त्वाचा. आणि बैठकीत उघड किती विचारताना, विनाकारण किती आणले आणि किती सोडले, हेही विचारलं गेलं तर खालची वागणूक आठवड्यात बदलेल. हे मी खात्रीनं सांगतो.

---

विटेकर

मी विट्याचा, गलाई व्यवसायात. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली आमची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून बसलीत. मी दक्षिणेतल्या एका शहरात आहे, गाव सांगत नाही.

माणदेशी दादा, रोखठोक, तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही इथं पारध्याबद्दल जे बोलता ते तिकडं आमच्याबद्दल बोललं जातं. कुठंही सोन्याची चोरी झाली, चोर सापडला, की पोलीस त्याला घेऊन गलाईवाल्यांच्या गल्लीत येतात. तो कुठल्यातरी दुकानाकडं बोट दाखवतो. कधी आयुष्यात बघितलेलं नसतं त्याला. "मराठी गलाईवाले, चोरीचंच सोनं गाळणार," हे ठरलेलं. भाषा धड येत नाही, रात्री उचलून नेतात, चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा लावायची धमकी. जेवढं सोनं गेलं तेवढं भरून दे, मग सुटका. बायको-पोरं दुकानाच्या मागच्या खोलीत रडत. आमच्यात खरंच चोरीचं सोनं घेणारे कुणीच नाहीत असं मी म्हणत नाही. पण माझ्या रजिस्टरात प्रत्येक ग्रॅमची नोंद आहे आणि ती कुणी उघडून बघत नाही.

असं झालं की आम्ही विट्याला फोन करतो, तिथून पुढारी, खासदार, असोसिएशनवाले हलतात. पवारांच्या चुलत्याला फोन करायला कोण आहे? एवढंच मनात आलं.

---

वकीलीण_मिरज

कायद्याचं थोडं स्पष्ट करते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे, त्यामुळे जुने कलम क्रमांक विसरा.

कृष्णाकाठ ज्याला 'कारण लिहा' म्हणतात ते अटकेच्या बाबतीत कायद्यात आहेच. कलम ३५ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे हे पोलिसांनी लेखी नोंदवायचं असतं, आणि अटक करायची नसेल तर तेही कारण लिहून नोटीस द्यायची असते. अर्नेश कुमार खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं हे कडक शब्दांत सांगितलं. अटक केली तर पोलिसाच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी, अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाइकाला कळवणं, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं. साक्षीदार म्हणून बोलवायचं तरी कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश लागतो, आणि १५ वर्षांखालील मुलं, ६० वर्षांवरील पुरुष, कुठलीही स्त्री यांना ठाण्यात बोलवता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. सोळा वर्षांच्या पोराला तर बाल न्याय कायद्याप्रमाणे कोठडीत ठेवताच येत नाही.

फट आहे ती 'आणून बसवलंय' मध्ये. ती अटक नाही आणि साक्षही नाही. कायद्यात अशी तिसरी जागाच नाही. म्हणून ती बेकायदा आहे, आणि म्हणूनच तिचा कागद होत नाही. तिथं उपयोगी पडतं ते डिसेंबर २०२० चं परमवीर सिंग सैनी प्रकरण. प्रत्येक ठाण्यात आत-बाहेर, लॉकअपसमोर, कॉरिडॉरमध्ये आवाजासह सीसीटीव्ही लावा आणि चित्रीकरण १८ महिने जपा, शक्य नसेल तर किमान एक वर्ष, असं न्यायालयानं सांगितलं. कागद नसला तरी चित्र असतं.

याद्यांबद्दल हवालदारकाका बोलले ते फार नेमकं आहे. ७ मे २०२४ च्या अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, की हिस्ट्रीशीट केवळ जातीच्या पूर्वग्रहातून, विमुक्त जातींच्या लोकांची वेचून उघडली जाते असं दिसतं. वरिष्ठ अधिकाऱ्यानं अशा नोंदी ठरावीक काळानं तपासाव्यात अशी व्यवस्था दिल्लीसाठी सांगितली आणि सगळ्या राज्यांना आपापली धोरणं फेरतपासायला सांगितलं. मग ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात, जो मुळात तुरुंगातल्या जातिभेदाचा होता, न्यायालयानं पोलिसांना थेट बजावलं की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अर्नेश कुमार आणि अमानतुल्ला खान हे दोन्ही निकाल पाळा.

न पाळल्यानं काय होतं? जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानंच सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, गोवलं गेल्याचं नाकारता येत नाही असं म्हटलं आणि राज्याला प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला लावली. तोवर त्यांची १६ वर्षं तुरुंगात गेली होती. आणि खरे खुनी? ते मोकळेच राहिले. माणदेशी दादा, हा शेवटचा भाग तुमच्यासाठी लिहिलाय.

एक दुखरी जागाही सांगते. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे खोट्या गुन्ह्यात अडकवल्यास त्यांना अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण आहे. पण आपल्याकडचे रामोशी, कैकाडी, वडार विमुक्त जातींत मोडतात. त्यांना तो कायदा लागू होत नाही. कैकाडी तर विदर्भात अनुसूचित जातीत आहेत आणि सांगलीत नाहीत. माणूस तोच, नदी ओलांडली की संरक्षण संपलं.

---

रोखठोक

न्यूयॉर्कचे आकडे आणि जालन्याचं प्रकरण वाचलं. शोधल्यावर सापडणारच, हा मुद्दा मला पटला. तरी पोलिसांच्या अनुभवाला काहीच किंमत नाही हे मला मान्य नाही. एखादी टोळी एका पद्धतीनं घरं फोडते, ती पद्धत ओळखणं हा अनुभवच आहे.

---

खाकीतला_सातारकर

बरोबर आहे तुमचं. खिडकीचा गज कसा वाकवला, कुत्र्याला काय घातलं, यावरून टोळी ओळखता येते. ते काम मीही केलंय. पण ती ओळख पद्धतीची असते, आणि ती कागदावर लिहिता येते. 'अमुक ठिकाणी अशाच रीतीनं कडी काढली, त्यात हा आरोपी होता.' हे कारण झालं. कोर्टातही टिकतं.

---

जतकर

एडिसनवासी, तुमच्या फोनच्या मुद्द्यावरून लिहितो. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या जत तालुक्यात लवंगा गावी काय झालं ते देशभर दाखवलं गेलं. उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरहून पंढरपूरला निघालेले, रस्ता विचारायला थांबले. मुलं पळवणारे म्हणून लोकांनी गाडीतून ओढून पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. पोलीस आले म्हणून वाचले. त्याच्या चार वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळ्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडच्या पाच डवरी गोसाव्यांना जमावानं ठारच मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अफवेवर.

आमच्या तालुक्यात त्या प्रकाराची लाज आजही वाटते. त्या वेळी पोलिसांनी मार खाणाऱ्यांना वाचवलं, हेही लिहून ठेवतो. पूर्वग्रह फक्त खाकीत असतो असं नाही. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की गावात चर्चा सुरू होते, पालं पडली की रात्रीची गस्त वाढते. बीडहून आलेली ती माणसं आपलाच ऊस तोडत असतात.

---

पवार_कुठले

खरंय. आमच्या पालाला पोलिसांपेक्षा गावच्या फोनची भीती जास्त. गस्तीची पोरं टॉर्च मारून बघतात, बायका आत झोपलेल्या असतात.

वकीलताई, एक विचारायचंय. माझं नाव कुठल्या यादीत आहे का, हे मला कळू शकतं का?

---

वकीलीण_मिरज

हिस्ट्रीशीट ही पोलिसांची अंतर्गत नोंद मानली जाते, त्यामुळे ती सरळ हातात मिळेलच असं नाही. पण दोन गोष्टी कर. एक, भरतीच्या अर्जाआधी पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे चारित्र्य प्रमाणपत्रासाठी स्वतःहून अर्ज कर. तुझ्यावर गुन्हा नोंद नसल्याचा कागद हातात असलेला बरा. दोन, चुलत्यांना आजवर आलेल्या प्रतिबंधक नोटिसांच्या प्रती जमव. प्रत्येक नोटिशीत कारण काय लिहिलंय ते बघू. दर वर्षी तेच वाक्य असेल आणि मधल्या काळात एकही गुन्हा नसेल, तर अमानतुल्ला खान निकालाचा हवाला देऊन फेरतपासणीचा अर्ज करता येईल. तो मी लिहून देईन, पैसे लागणार नाहीत. मिरज कोर्टात ये.

---

माणदेशी

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. माझा एक प्रश्न आहे. आमच्याकडं ग्रामसुरक्षा यंत्रणेवर फोन केला की सगळ्या गावाच्या मोबाईलवर आवाज जातो. परवा एकानं संदेश टाकला, "पारधी लोक रानात फिरतायत, सावध राहा." आख्खं गाव काठ्या घेऊन बाहेर. निघाला कोण? माझ्या राखणीवरचा माणूस, मोटार बंद करायला चाललेला. थोडक्यात वाचला बिचारा. आता मला सांगा, संशय आला तर फोन करायचा की नाही? आणि केला तर बोलायचं काय?

---

कृष्णाकाठ

करायचा दादा, जरूर करायचा. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच बोलायचं. "रात्री दोनला, वरच्या मळ्यातल्या डीपीपाशी दोन माणसं, पांढरी पिकअप, बिनदिव्याची, हातात कटर." वेळ, जागा, गाडी, काय करत होते. कोण लोक, कुठल्या समाजाचे, हे बोलायचंच नाही, कारण ते दिसलेलं नसतं. असा संदेश पोलिसांच्याही कामाचा. पिकअपवरून भंगारवाल्यापर्यंत जाता येतं, 'पारधी' या शब्दावरून फक्त पालापर्यंत जाता येतं. पुढच्या ग्रामसभेत पोलीस पाटलांसमोर हे ठरवून घ्या. ठराव लागला तर मसुदा मी पाठवते.

आणि हवालदारकाका म्हणाले तो मुद्दा मी अर्जात घालतेय. पोलीस अधीक्षकांकडे मागणी अशी की चौकशीला आणलेल्या प्रत्येकाची वेळ आणि कारणासह डायरीत नोंद व्हावी, उपअधीक्षकांनी दर महिन्याला त्या नोंदी वाचाव्यात, आणि आढावा बैठकीत 'विनाकारवाई सोडलेले' हा रकाना असावा. सह्यांसाठी ज्यांना यायचंय त्यांनी खासगी संदेश करा. अर्जाची प्रत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणालाही जाईल.

---

वकीलीण_मिरज

त्याच्या जोडीला त्या दोन रात्रींच्या सीसीटीव्ही चित्रीकरणासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लगेच टाका, लांबवू नका. जपून ठेवायची मुदत असली तरी मशिन बिघडलं होतं हे उत्तर उशिरा अर्ज केल्यावरच जास्त येतं. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तारीख, अंदाजे वेळ, मुख्य दरवाजा आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरचा कॅमेरा असं स्पष्ट लिहा, आणि चित्रीकरण पुसू नये अशी वेगळी ओळ घाला. पुढं कधी माणूस आत असतानाच अर्ज करायची वेळ आली, तर तो व्यक्तीच्या स्वातंत्र्याशी संबंधित असल्याचं नमूद करा. तेव्हा ४८ तासांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आणि रात्री-अपरात्री कुणाला उचलल्याचं कळलं तर आधी १५१०० वर फोन करा. विधी सेवेचा क्रमांक आहे, पालावरच्या प्रत्येक मोबाईलमध्ये आजच भरून ठेवा.